ड्यूजच्या बिलातली ती ओळ : न्यू जर्सीतल्या मराठी रिअल इस्टेट एजंटांना खुलं पत्र

प्रिय मित्रमैत्रिणींनो,

वर्ष संपत आलं की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन प्रश्न हमखास येतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा हॉल कुणी बुक केला, आणि असोसिएशनच्या सभासद-फीच्या, म्हणजे ड्यूजच्या, बिलातली ती 'आरपॅक'ची, राजकीय देणगीची ओळ कशी काढायची. पहिल्याला दोघी उत्तर देतात, दुसऱ्यावर पंधरा जण तुटून पडतात. यंदा एकीने बिलाचा स्क्रीनशॉट टाकला, त्या ओळीभोवती लाल गोल काढून : "हे काय लचांड?" खाली एकाने लिहिलं, "पुढाऱ्यांचा हप्ता." दुसरा म्हणाला, "मी दर वर्षी शून्य टाकतो, काही होत नाही." मी उत्तर टाइप करायला घेतलं ते अंगठे दुखेपर्यंत करत राहिले. मग सगळं पुसलं आणि लॅपटॉप उघडला.

शून्यवाल्याला आधी सांगते : तुझं बरोबर आहे, काही होत नाही. वर्गणी ऐच्छिक आहे, छापलेला आकडा निव्वळ सुचवलेला आहे, आणि न देणाऱ्यावर डूख धरला जाणार नाही हे संघटनेला कायद्यानेच सभासदाला सांगावं लागतं. तेव्हा हे पत्र वसुलीचं नव्हे. मी पंधरा वर्षं हे पैसे देते आहे. का देते, ते एकदा नीट मांडावं असं वाटलं, कारण देणाऱ्यांनाही विचारलं तर पुष्कळदा "बिलात होतं, भरलं" एवढंच ऐकू येतं.

आरपॅक म्हणजे रिअल्टर्स पोलिटिकल ॲक्शन कमिटी. आपली राष्ट्रीय संघटना, नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स, १९०८ साली शिकागोत निघाली, ही थैली १९६९ची. संघटनेला ड्यूजच्या पैशातून काँग्रेसच्या उमेदवाराला थेट देणगी देता येत नाही, म्हणून ही वेगळी थैली, आणि उमेदवाराला जाणारे पैसे सभासदांनी स्वखुशीने टाकलेलेच हवेत. बहुतेक राज्यांत शंभरातले सत्तर डॉलर राज्यातच राहतात, तीस वॉशिंग्टनच्या थैलीत जातात. त्या थैलीत एका माणसाला वर्षाला ५००० डॉलरच्या वर टाकता येत नाहीत, आणि थैलीतून एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी ५०००च्या वर जात नाहीत. प्रायमरी, म्हणजे पक्षांतर्गत उमेदवार निवडायची निवडणूक, आणि नोव्हेंबरची निवडणूक वेगवेगळ्या धरतात. वर्षाला २०० डॉलरच्या पुढे गेलात तर तुमचं नाव, गाव, धंदा फेडरल इलेक्शन कमिशनच्या साइटवर कुणालाही दिसतो. करात वजावट मिळत नाही.

व्याकरण एवढंच. आता गोष्ट.

७५ तासांचा कोर्स करून मी लायसन्स घेतलं ते २००८ साली. मुहूर्त बघा! बँका बुडत होत्या आणि मी डोंबिवलीची बाई नवा ब्लेझर घालून ओपन हाऊसमध्ये कुकीज मांडून बसले होते. दोन वर्षं अशी तशी काढली. २०१०च्या वसंतात एक जोडपं मिळालं, तो सांगलीचा, ती चिपळूणची. २००५चा पाऊस दोघांच्याही घरात शिरून गेलेला, त्यामुळे रॅरिटन नदीच्या अंगाचं टाउनहाउस दाखवलं तेव्हा फ्लड झोन म्हणजे काय हे मला समजावून सांगावं लागलं नाही. तो खिडकीशी उभा राहून म्हणाला, "ताई, इन्शुरन्स घेऊ, पण घेऊ." भाव त्यांच्या आवाक्यातला होता आणि वर सरकारची पहिल्या घरासाठीची ८००० डॉलरची करसवलत होती. अट अशी की ३० एप्रिलच्या आत करार आणि ३० जूनच्या आत क्लोजिंग, म्हणजे घर प्रत्यक्ष नावावर होणं.

एप्रिलात करार झाला. अटर्नी रिव्ह्यू, इन्स्पेक्शन, अप्रेझल, सगळं रांगेत पार पडलं. आणि ३१ मेच्या रात्री राष्ट्रीय पूरविमा योजनेची मुदत संपली. १९६८पासून चालत आलेली योजना, पण तिला काँग्रेसकडून मुदतवाढ घेत घेत जगावं लागतं. त्या वेळी काँग्रेस वाढ न देताच सुट्टीवर गेली. १ जूनपासून नवी पॉलिसी निघेना. फ्लड झोनमधल्या घराला पूरविमा नसेल तर बँक सहसा कर्ज देत नाही. बँकेतली बाई म्हणायची, पॉलिसी आणा, लगेच क्लोजिंग घेऊ. इन्शुरन्सवाला म्हणायचा, योजना सुरू झाली की लगेच पॉलिसी देतो. इकडे ३० जून जवळ येत होता. भाड्याच्या घराला नोटीस देऊन झाली होती, खोकी भरून झाली होती, तिला सातवा महिना होता. रोज रात्री साडेनऊला तिचा फोन यायचा : "ताई, आमचे आठ हजार गेले का हो?" मला काय माहीत! मी आपली "होईल गं" म्हणायचे आणि फोन ठेवून नवऱ्यावर चिडायचे.

त्याच जूनमध्ये असोसिएशनचं 'कॉल फॉर ॲक्शन'चं ईमेल आलं. अशी ईमेलं मी न वाचता उडवत असे. हे उघडलं, कारण विषयाच्या ओळीत माझीच फाइल होती : पूरविमा आणि करसवलतीची मुदत. बटण दाबलं, माझ्या नावाचं पत्र माझ्या भागातल्या काँग्रेसमनला गेलं. २ जुलैला राष्ट्राध्यक्षांनी दोन वेगळ्या कायद्यांवर एकाच दिवशी सही केली. एकाने पूरविमा १ जूनपासून मागील तारखेने सुरू झाला, दुसऱ्याने क्लोजिंगची मुदत ३० सप्टेंबरपर्यंत गेली. माझं क्लोजिंग जुलैत झालं. बाळाचं बारसं त्याच टाउनहाउसच्या हॉलमध्ये झालं.

हे कायदे आमच्यामुळे झाले असं म्हणायला मी काही खुळी नाही. बिल्डर होते, बँका होत्या, पुराने पोळलेल्या राज्यांचे लोकप्रतिनिधी होते. पण पुढे एका बैठकीत मला उमगलं की माझं कमिशन ज्या दोन कागदांवर अडकलं होतं त्या कागदांचा विषय वॉशिंग्टनमध्ये आपली माणसं रोज कुणाच्या ना कुणाच्या टेबलावर काढत होती, आणि त्यांचा तिथे शिरकाव व्हावा म्हणून मी सोडून बाकीचे पैसे भरत होते. फुकटचं खाल्ल्यासारखं वाटलं. त्या डिसेंबरात मी पहिल्यांदा ती ओळ ठेवली. पंधरा डॉलर. एडिसनच्या ओक ट्री रोडवर, आपल्या देशी हॉटेलांत, दोघांचं जेवण त्यात होत नाही.

तेव्हापासून मला आपल्या धंद्यात कायद्याच्या ओळी दिसायला लागल्या, मोतीबिंदू काढल्यावर धूळ दिसते तशा. आपण ब्रोकरच्या ऑफिसात बसतो, त्याच्या पाटीखाली काम करतो, तरी नोकर नाही. १०९९वर, म्हणजे पगारदाराच्या नव्हे तर कंत्राटदाराच्या फॉर्मवर, कमावतो, गाडीचा खर्च दाखवतो, मुलीच्या गॅदरिंगला दुपारी तीन वाजता जातो. हे आकाशातून पडलेलं नाही. फेडरल करकायद्यात ३५०८ नावाचं कलम आहे, १९८२ साली घातलेलं : लायसन्स असेल, कमाई तासांवर नसून व्यवहारावर असेल आणि तसा लेखी करार असेल, तर रिअल इस्टेट एजंट कर्मचारी धरायचा नाही. कॅलिफोर्नियाने २०१९मध्ये कंत्राटी कामगारांसाठी कडक कायदा केला तेव्हा आपल्या धंद्याला त्यातून वगळलं गेलं. न्यू जर्सीत हाच वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२४मध्ये एजंट-ब्रोकरमधला करारच प्रमाण धरला गेला. यातली एकेक ओळ कुणीतरी मागून घेतलेली आहे.

सगळ्यांत मजेशीर गोष्ट बँकांची. २००० साल संपता संपता फेडरल रिझर्व्ह आणि ट्रेझरीने प्रस्ताव काढला की मोठ्या बँकांच्या समूहांना रिअल इस्टेट ब्रोकरेजमध्ये उतरू द्यावं. विचार करा : कर्ज देणारी बँक, तिचाच एजंट, तिचंच लिस्टिंग. आपल्या संघटनेने आठ-नऊ वर्षं तो प्रस्ताव अडवून धरला. दर वर्षी खर्चाच्या विधेयकात एक ओळ घालून घ्यायची की या वर्षी यावर पैसा खर्च करू नये. पुढच्या वर्षी परत तेच. शेवटी २००९च्या विधेयकात ती बंदी कायमची झाली. वाळवी बाहेर ठेवायला दर पावसाळ्याआधी फवारणी करतात तसला हा चिवट प्रकार. माझ्यासारख्या एकटीने काम करणाऱ्या बाईला मोठ्या बँकेसमोर उभं राहायचं असेल तर दुसरं साधन काय आहे, हे मला कुणी सांगावं.

हरतोही आपण. २०१७च्या करकायद्याने राज्य आणि स्थानिक करांच्या वजावटीला १०,००० डॉलरच्या मर्यादेची टोपी घातली. आपल्याकडे घरपट्टीचं सरासरी बिलच त्या आकड्याच्या आसपास, म्हणजे इन्कम टॅक्सला जागाच उरली नाही. ती टोपी ४०,०००वर जायला २०२५ उजाडलं. आणि त्याच २०२५च्या जुलैत ट्रेंटनने, म्हणजे आपल्या राज्य सरकारने, आपल्याला दणका दिला : दहा लाखांवरच्या घरांचा 'मॅन्शन टॅक्स', जो २००४पासून खरेदीदार एक टक्क्याने भरत होता, तो आता विकणाऱ्याच्या गळ्यात, आणि वरच्या किमतींना साडेतीन टक्क्यांपर्यंत. राज्य असोसिएशनने विरोध केला होता. एडिसनमध्ये दहा लाखांत मॅन्शन काय, साधं कोलोनियल मिळताना दमछाक होते. तिथल्या निवृत्त काका-काकूंना हे लिस्टिंग टेबलावर समजावताना माझी काय अवस्था होते ते तुम्ही अनुभवलं असेलच. तेव्हा पैसे टाकले की कायदा पडला, असलं हे यंत्र नाही.

आता 'हप्ता'. हा शब्द मला लागला, कारण त्यात तथ्य आहे. देणगी दिली की ऑफिसचं दार लवकर उघडतं, हे कुणी नाकारू नये. भाडेकरूंची एवढी मोठी थैली नाही, आणि घरासाठी वीस वर्षं पैसे साठवणाऱ्याचीही नाही. हप्ता आणि यात फरक एवढाच की हप्त्याची पावती नसते. आपल्याकडे भारतात २०१८पासून निवडणूक रोखे आले, देणारा कोण ते मतदाराला कळायचं नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवून रद्द केली. इथे मी दिलेले पैसे माझ्या नावाने दिसू शकतात आणि थैलीने कुणाला किती दिले तेही. मी ते पाहते. यादीत निळेही असतात, लालही असतात. "मी डेमोक्रॅट, माझा डॉलर रिपब्लिकनला का?" असं विचारणाऱ्या मैत्रिणीला मी एवढंच म्हणते की तो डॉलर पूरविम्याला मत देणाऱ्याला जातो. मग त्याची इतर मतं वाचून मी स्वतः कधी कधी दात-ओठ खाते, तो भाग वेगळा. पक्षाला द्यायचं ते मी पक्षाला वेगळं देते.

शून्यवाल्या, तुला आणखी एक सांगायचं राहिलं. ओळ काढलीस म्हणजे राजकारणातून सुटलास असं नाही. राष्ट्रीय ड्यूज २०१२मध्ये ८० डॉलरवरून १२० झाले ते वाढीव ४० राजकीय कामासाठीच होते. आज आपण जे १५६ भरतो त्यातला काही भाग लॉबिंगचा म्हणून वजावटीला चालत नाही, हे बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात असतं. २०१०च्या न्यायालयीन निकालानंतर उमेदवाराला थेट न देता त्याच्या बाजूने स्वतंत्र जाहिराती करायला संघटनांना मर्यादा उरली नाही, आणि आपली संघटनाही त्यात आहे. म्हणजे ज्या पैशाबद्दल तुला विचारत नाहीत तो जातोच आहे. ज्याबद्दल विचारतात, तेवढाच तू काढतोस.

आणि संघटना काही संत नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये मिसुरीतल्या ज्युरीने कमिशनच्या पद्धतीवरून १८० कोटी डॉलरच्या आसपास नुकसानभरपाई ठोठावली. मार्च २०२४मध्ये संघटनेने ४१.८ कोटींची तडजोड केली, आणि त्या ऑगस्टपासून घर दाखवायच्या आधी खरेदीदाराची सही घ्यायला आपण शिकलो. तेव्हा ग्रुपवर जो संताप झाला तो मी विसरलेले नाही. माझाही होता.

पण मला खरं डाचतं ते त्याहून जुनं आहे. १९२४ साली संघटनेच्या आचारसंहितेत एक कलम होतं. आशय असा : ज्यांच्या येण्याने वस्तीतल्या घरांच्या किमती पडतील अशा वंशाच्या किंवा राष्ट्रीयत्वाच्या माणसांना त्या वस्तीत आणायला रिअल्टरने हातभार लावू नये. राष्ट्रीयत्व हा शब्द नीट वाचा. त्याच्या आदल्याच वर्षी, १९२३मध्ये, पंजाबातून आलेल्या भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं होतं की हिंदुस्तानी माणूस 'गोरा' नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. आणि कॅलिफोर्नियात १९१३पासून कायदा होता की ज्याला नागरिक होता येत नाही त्याने शेतजमीन घ्यायची नाही. आपल्या लोकांना नागरिकत्वाची वाट १९४६मध्ये उघडली. आचारसंहितेतले ते शब्द १९५०मध्ये गेले. सवय मात्र गेली नाही. १९६४मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिअल इस्टेट संघटनेने भेदभावबंदीचा कायदा उलटवायला सार्वमत घडवून आणलं आणि ते जिंकलं. १९६७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. १९६८च्या फेअर हाउसिंग कायद्यालाही आपल्या राष्ट्रीय संघटनेने विरोधच केला. तो कायदा झाल्यावर एका वर्षाने ही थैली शिवली गेली, हे मी दर डिसेंबरात आठवते. माफी मागितली ती नोव्हेंबर २०२०मध्ये.

मग मी देते कशाला? हे कळलं त्या वर्षी मी आधी दिले नव्हते. ओळ काढली, आणि माझ्या लक्षात आलं की त्याची दखल घेणारा कुणी नाही. तिसऱ्या महिन्यात स्थानिक समितीत जागा रिकामी झाली. उमेदवारांच्या मुलाखती घेऊन कुणाला पाठिंबा द्यावा याची शिफारस करणारी ही समिती. तिथे बसणारे सगळे साहजिकच निधीला देणारे. मी परत दिले आणि जाऊन बसले.

तो प्रसंग भारदस्त नसतो हो. असोसिएशनच्या ऑफिसातलं लांब टेबल, डोनट्सचा डबा, कुणाच्या कोटाला मोठ्या देणगीची चकचकीत पिन. टाउनशिप कौन्सिलचा एक उमेदवार आला, हसतमुख, अर्थशास्त्रावर बोलायला लागला. मी विचारलं, तुमच्या गावात स्मोक डिटेक्टरच्या सर्टिफिकेटसाठी इन्स्पेक्टर यायला तीन आठवडे का लागतात? माझी दोन क्लोजिंग त्याच्यामुळे लांबली होती. त्याला माहीतच नव्हतं. त्याने डोनटखालचा नॅपकिन ओढला आणि त्यावर लिहून घेतलं. मग मी दुसरा प्रश्न विचारला, जो टेबलावरच्या बाकीच्यांना थोडा टोचला : २०२३मध्ये फ्लोरिडाने चिनी नागरिकांच्या घरखरेदीवर निर्बंध घातले, उद्या ट्रेंटनला असलं काही आलं तर तुमच्या गावातल्या माणसांसाठी तुम्ही उभे राहाल का? तो म्हणाला, "विचार करावा लागेल." मी माझ्या कागदावर तेवढंच लिहिलं. शिफारशीच्या वेळी तो कागद वाचून दाखवला. मतदानात मी हरले, पण कागद इतिवृत्तात गेला.

सध्या त्या टेबलाशी मी एकटी मराठी आहे. इतके जण आपण या धंद्यात. एडिसन, पिस्कॅटवे, मनरो, प्लेन्सबरो, जिथे पाटी बघावी तिथे आपलं नाव. पंधरा डॉलर टाकून विसरून जाणाऱ्यांपेक्षा मला शून्य टाकणारा तो परवडतो, निदान त्याने ओळ वाचली तरी.

एक गोष्ट मात्र लपवायची नाही, आणि ती ग्रुपवर अजून कुणीच लिहिलेली नाही. ज्या परदेशी नागरिकाकडे ग्रीन कार्ड नाही त्याला अमेरिकेतल्या कुठल्याही निवडणुकीसाठी, कुठल्याही थैलीत, एक डॉलरही देता येत नाही. २०१५पासून एच-४वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, वर्क परमिट मिळायला लागलं आणि आपल्या कितीतरी मुलींनी रिअल इस्टेटचं लायसन्स काढलं. बिल त्यांनाही तेच येतं, ओळ तीच असते. ती चुकून भरू नका. नवऱ्याच्या नाही तर ब्रोकरच्या नावाने आपले पैसे टाकू असंही नको. दुसऱ्याच्या नावाने देणं हा वेगळा गुन्हा आहे. चुकून भरले असतील तर आजच असोसिएशनला कळवून परत मागा.

स्क्रीनशॉट टाकणारी जी आहे ना, तिला मी फोन केला होता. ती एच-४वरच आहे, ग्रीन कार्डच्या रांगेत अजून बरीच मागे. तिने ओळ काढायची हे उघडच आहे. या समितीत तिला बसताही येणार नाही, कारण पैसे कुणाला द्यायचे हे ठरवण्यातही परदेशी नागरिकाने भाग घ्यायचा नाही असा नियम आहे. पण कॉल फॉर ॲक्शनचं पत्र ती पाठवू शकते, आणि प्रश्न तर कुणालाही पडू शकतात. फोनवर तिने तीन विचारले. तिसरा मॅन्शन टॅक्सचा होता, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. समितीची पुढची बैठक जानेवारीत आहे. तिन्ही मी लिहून घेतलेत. तुमचे असतील तर संक्रांतीच्या आत पाठवा, सगळे एकाच कागदावर नेते.

तुमची,
मिडलसेक्स काउंटीतली एक एजंट, मूळची डोंबिवलीची